शेवटची गाडी कोणाच्या मालकीची?

(भंडारा येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मागच्या वेळी आपण नदी आणि धरण यावर बोललो होतो. आज विषय बसचा आहे. कोणी म्हणेल, बसवर काय व्याख्यान द्यायचं? बस आली तर बसायचं, नाही आली तर ऑटो बघायचा. पण आम्ही हा विषय मुद्दाम घेतला, कारण गेली काही वर्षं एक वाक्य सारखं कानावर पडतंय: "एसटी तोट्यात आहे, खासगी करून टाका, सेवा सुधारेल." हे म्हणणारी माणसं वाईट नाहीत. भर उन्हात स्टँडवर तासभर उभं राहिलेला माणूस दुसरं काय म्हणणार? त्याचा राग खराच आहे. प्रश्न एवढाच, की त्याने सुचवलेल्या औषधाने तो आजार बरा होतो का? आज तेच तपासून बघू.

आधी आपलं गाव बघू. 2011 च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 12 लाखांच्या घरात होती आणि भंडारा शहराची लाखाच्या थोडी आत. मुंबईची बेस्ट किंवा पुण्याची पीएमपी असते तशी आपल्या नगरपरिषदेची स्वतःची बससेवा नाही. पण शहराची गरज आहेच. आपलं रेल्वे स्टेशन, भंडारा रोड, गावात नाही. ते दहा-बारा किलोमीटरवर वरठीला आहे. जवाहरनगरची आयुध निर्माणी एका बाजूला, वरठीचा पोलाद कारखाना दुसऱ्या बाजूला. कॉलेज, जिल्हा रुग्णालय, कोर्ट, कलेक्टर ऑफिस शहरात. आणि तिथे येणारी माणसं पवनी, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूरहून. त्यामुळे आपल्याकडे एसटीच गावची बस आणि एसटीच शहराची बस. मोठ्या शहरात ज्याला नागरी वाहतूक म्हणतात, ती आपल्याकडे लाल गाडीतून होते. एसटीच्या भंडारा विभागात गोंदिया जिल्ह्यातली आगारंसुद्धा येतात, हे लक्षात ठेवा. 1999 साली जिल्हा वेगळा झाला, विभाग एकच राहिला.

भरली की सुटते, आणि वेळ झाली की सुटते

बससेवा दोन प्रकारची असते. एक भरली की सुटते, दुसरी वेळ झाली की सुटते. बाकीचं सगळं या फरकातून निघतं.

काळीपिवळी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. ड्रायव्हर हाका मारतो, "चला, चला, दोनच सीट." ती दोन सीटं भरेपर्यंत गाडी हलत नाही. त्याला आम्ही दोष देत नाही. डिझेल त्याचं, गाडीचा हप्ता त्याचा. रिकामी गाडी नेली तर घरी काय सांगणार? त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. पण आता प्रवाशाच्या बाजूने बघा. सकाळी आठला माणसं भरपूर, गाड्याही भरपूर. दुपारी दोनला माणसं कमी, गाडीही नाही. रात्री आठला तर विचारूच नका. म्हणजे गर्दी असते तेव्हा पाच गाड्या भांडतात, आणि एकटी बाई फाट्यावर उभी असते तेव्हा एकही नसते.

एसटीची गाडी वेळेवर सुटते असा आमचा दावा नाही. (हशा.) पण तिला वेळ असते, हे महत्त्वाचं. वेळ लिहून दिली म्हणजे ते वचन झालं. मोडलं तर आगार व्यवस्थापकाला जाऊन विचारता येतं, तक्रार वहीत लिहिता येतं, आमदाराला गाठता येतं. काळीपिवळीवाल्याला "काल का नाही आलास" असं विचारायचा आपल्याला अधिकारच नाही, कारण त्याने येतो म्हणून कधी सांगितलंच नव्हतं.

हा फरक जुना आहे. स्वातंत्र्याच्या आधी महाराष्ट्रात खासगी मोटारी चालत, त्या अशाच. म्हणून तेव्हाच्या मुंबई राज्याने ही वाहतूक हातात घेतली आणि 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर पहिली गाडी सुटली. आपण तेव्हा मध्य प्रांतात होतो. नागपूरकडे सरकारी प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस होती. 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि पुढे आपल्याकडची सेवाही एसटीत आली. शहरांतही तेच घडलं. मुंबईत 1874 पासून ट्राम होती, 1926 पासून बस होती, आणि हे सगळं खासगी कंपनीचं होतं. 7 ऑगस्ट 1947 ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, मुंबई महापालिकेने ती कंपनी ताब्यात घेतली. तीच आजची बेस्ट. पुण्यात 1950 साली महापालिकेने बससेवा आपल्याकडे घेतली. तीन ठिकाणी तीन वेगळ्या मंडळींनी साधारण एकाच सुमाराला एकच निर्णय घेतला. सगळेच काही समाजवादी नव्हते. अनुभवाने त्यांना तिथे आणलं.

दहा फेऱ्यांचं गणित

आता तोट्याकडे येऊ. आपण एक सोपं गणित मांडू. आकडे आमच्या मनाचे आहेत, समजण्यापुरते.

समजा एका आगाराच्या रोज दहा फेऱ्या आहेत. एक फेरी चालवायला 2,000 रुपये लागतात. त्यातल्या चार फेऱ्या नागपूरच्या. रस्ता चांगला, गाडी भरलेली. एका फेरीला 3,000 रुपये येतात, म्हणजे हजार सुटतात. उरलेल्या सहा फेऱ्या आतल्या गावांच्या. तिथे 1,400 रुपये येतात, म्हणजे 600 अंगावर पडतात. चार फेऱ्यांचे 4,000 मिळाले, सहा फेऱ्यांचे 3,600 गेले. हिशेबाला 400 रुपये उरले. आगार आपल्या पायावर उभं आहे आणि सहा गावांना गाडी आहे.

आता म्हणा, स्पर्धा येऊ द्या. खासगी मालक कोणत्या फेऱ्या मागेल? नागपूरच्या चार. आतल्या गावाच्या सहा कोणीच मागणार नाही. त्या चार गेल्या की आगाराकडे उरतो रोजचा 3,600 चा तोटा. मग पेपरात बातमी येते, "आगार तोट्यात". मग फेऱ्या कमी होतात. पण फेऱ्या कमी केल्या म्हणून वर्कशॉपचा खर्च, इमारतीचा खर्च तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून उरलेली प्रत्येक फेरी आणखी महाग पडते. मग पुन्हा फेऱ्या कमी. शेवटी कोणीतरी म्हणतं, "बघा, सरकारला बस चालवताच येत नाही."

कायद्याने टप्पा वाहतूक, म्हणजे थांब्या-थांब्यावर माणूस घेत जाणं, ही आपल्याकडे प्रामुख्याने एसटीची आहे. खासगी ट्रॅव्हल्सना कंत्राटी परवाना असतो. ठरलेली मंडळी इथून उचलायची, तिथे सोडायची. पण रस्त्यावर काय चालतं ते तुम्ही रोज बघता. नागपूरच्या चार फेऱ्यांमधली मलई अशीच जाते.

मलई आणि ताक एकाच भांड्यात राहिलं तरच सगळ्यांना वाटून देता येतं. सार्वजनिक मालकीचा पहिला फायदा हा: कमावत्या मार्गाचे पैसे न कमावत्या मार्गाला जातात. बेस्टने तर अनेक वर्षं वीज विभागाच्या पैशातून बसचा तोटा भरला. खासगी कंपनीने हे का करावं? तिच्या भागधारकांनी तिला त्यासाठी नेमलेलंच नाही.

अर्धं तिकीट कोण देतो?

आता सवलतींचं बघा. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे तीन रुपयांच्या जागी एक. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास. 17 मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. शाळेच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास. मानव विकासच्या गाड्या तर खास मुलींच्या शाळेसाठी निघाल्या.

समजा, लाखांदूर तालुक्यातल्या एका गावची मुलगी आहे. दहावी गावाजवळ झाली, अकरावी-बारावीचं विज्ञान तालुक्याला. घरात एकच मोटारसायकल, ती बापाच्या कामाला जाते. सकाळची गाडी आणि संध्याकाळची गाडी, या दोन फेऱ्यांवर तिचं शिक्षण आहे. संध्याकाळची फेरी बंद झाली तर घरचे काय म्हणतील हे आम्ही सांगायला नको. "राहू दे बाई, पुरे झालं शिक्षण." आगाराच्या वहीत त्या फेरीपुढे लिहिलं असेल, उत्पन्न कमी. ती फेरी गेल्याने एका मुलीचं काय गेलं, हे लिहायला त्या वहीत रकानाच नाही.

ही सवलत खासगी मालकाकडून घेता येणार नाही का? गोव्यात हे करून बघितलं गेलं. तिथे 1970 च्या दशकात बसवाहतूक खासगी मालकांच्या हातात होती. विद्यार्थ्यांनी अर्ध्या तिकिटासाठी मोठं आंदोलन केलं. मालकांचं म्हणणं, आम्हाला परवडत नाही. आणि त्यांच्या जागी ते खोटं नव्हतं. त्या आंदोलनानंतर 1980 मध्ये कदंब परिवहन महामंडळ उभं राहिलं. सवलत टिकवायची तर गाडी आपली लागते, हे गोव्याने अनुभवातून ओळखलं.

इथे एक न्यायाची गोष्टही सांगू. सवलतीचे पैसे सरकारने एसटीला भरून द्यायचे असतात. ते उशिरा आले की पगार उशिरा होतो, सुट्या भागांची खरेदी रखडते, गाडी रस्त्यात बंद पडते. वरून प्रवाशाच्या तिकिटावर 17.5 टक्के प्रवासी कर. एका हाताने सवलत जाहीर करायची, दुसऱ्या हाताने कर घ्यायचा, आणि मग तोट्याबद्दल ड्रायव्हर-कंडक्टरला बोल लावायचा, हे काही बरोबर नाही.

अडचणीच्या दिवशी

मे 2020 आठवा. पायी निघालेले मजूर आठवा. महामार्गावरून, आपल्या साकोलीवरून, देवरीकडे, छत्तीसगडकडे चालत निघालेली माणसं. तेव्हा राज्याच्या सीमेपर्यंत त्यांना मोफत सोडायला गाड्या कोणाच्या होत्या? एसटीच्या. मुंबईत लोकल बंद असताना नर्स, सफाई कामगार, वॉर्डबॉय यांना कामावर कोणी नेलं? बेस्टने. खासगी बसमालकांनी त्या काळात गाड्या उभ्या केल्या, त्यांचा धंदाच बंद होता. पण सार्वजनिक गाडीला "जा" म्हणून सांगता येतं.

याची उलटी बाजूही आहे. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून एसटीचा संप झाला आणि तो एप्रिल 2022 पर्यंत लांबला. तेव्हा आपल्या जिल्ह्यात खासगीकरण झाल्यावर कसं असेल याची जणू रंगीत तालीमच झाली. ज्याच्याकडे मोटारसायकल होती त्याचं भागलं. बाकीच्यांनी काळीपिवळीला मागेल ते भाडं दिलं, किंवा घरी बसले. नुकतीच उघडलेली शाळा-कॉलेजं काही मुलांना पुन्हा बंद झाली, ती गाडी नाही म्हणून. पण त्या संपाकडे कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही बघा. तुटपुंजा आणि उशिरा होणारा पगार, हे त्याचं मूळ होतं. सार्वजनिक मालकी म्हणजे कामगाराला कमी पगारात राबवायचा परवाना नव्हे.

शेजारच्या घरात डोकावून

तुमसरच्या पुढे बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश. बालाघाट, कटंगी, वारासिवनी आपल्या सोयरिकीची गावं. त्या राज्याने 2005 मध्ये आपलं राज्य परिवहन महामंडळ बंद करायचं ठरवलं. कारण तेच, तोटा. बस खासगी मालकांवर सोडून दिली. भाषा मिसळती, शेती तीच, माणसं तीच. नदीच्या अलीकडे सार्वजनिक बस, पलीकडे नाही. मग काय झालं? जिथे पैसा तिथे गाड्या, आत खेड्यात वाट बघा. आणि वीस वर्षांनी, एप्रिल 2025 मध्ये, त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा मंजूर केली. गाड्या खासगीच, पण मार्ग आणि वेळापत्रकावर देखरेख पुन्हा सरकारची. पूर्ण सोडून दिलेलं पुन्हा हातात घ्यावं लागलं. मोडायला एक निर्णय पुरतो. पुन्हा उभारायचं तर आगारं, जागा, अनुभवी माणसं, सगळं नव्याने जमवावं लागतं.

इंग्लंडमध्येही असंच झालं. 1986 मध्ये लंडनबाहेरची बससेवा मोकळी सोडली. कोणीही यावं, हवा तो मार्ग घ्यावा. लंडन तेवढं वगळलं. तिथे पुढे गाड्या खासगी कंपन्यांच्या झाल्या, पण मार्ग, वेळ आणि भाडं सार्वजनिक संस्थाच ठरवते. पुढच्या काळात लंडनमध्ये बसचे प्रवासी वाढले, बाहेर बहुतेक ठिकाणी घटत गेले. मँचेस्टरने 2023 पासून टप्प्याटप्प्याने बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणात घेतली आणि जानेवारी 2025 मध्ये ते काम पूर्ण केलं.

आणि दिल्ली. तिथे 1992 मध्ये खासगी रेडलाइन बस आल्या, मग त्यांच्या ब्लूलाइन झाल्या. मालकाला ठरलेली रक्कम द्यायची आणि वर उरेल ते आपलं, असा हिशेब असला की ड्रायव्हर पुढच्या गाडीच्या आधी थांबा गाठायला पळतो. अपघात इतके झाले की शेवटी त्या गाड्या रस्त्यावरून काढाव्या लागल्या. माणूस वाईट नव्हता, हिशेब वाईट होता.

"पण गाड्या भाड्याने घेतल्या तर?"

आता एक मधला मार्ग सुचवला जातो. गाडी आणि ड्रायव्हर कंपनीचा, कंपनीला किलोमीटरमागे पैसे. तिकिटाचे पैसे आणि वेळापत्रक सार्वजनिक संस्थेचं. नागपूरची 'आपली बस' या पद्धतीने चालते. त्याआधी तिथे तिकिटाचे पैसेच कंपनी ठेवत असे. त्यापेक्षा ही पद्धत नक्कीच बरी, कारण ड्रायव्हरला सीट भरायची घाई राहत नाही. हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण मर्यादा बघा. बेस्टने 2018-19 पासून मोठ्या प्रमाणात भाड्याच्या गाड्या घेतल्या. ऑगस्ट 2023 मध्ये त्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांनी पगारासाठी काम बंद केलं आणि मुंबईकर थांब्यावर अडकले. काही कंपन्यांनी परवडत नाही म्हणून गाड्याच काढून घेतल्या. बेस्टची स्वतःची गाड्यांची संख्या तोवर घटलेली. मग द्यायचं काय? एसटीनेही 5,150 ई-बस भाडेतत्त्वावर घ्यायचा करार केला, पण ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे गाड्या आल्या नाहीत. करार म्हणजे कागद. कागदावर दंड करता येतो, पण दंडाच्या पावतीवर बसून तुमसरहून भंडाऱ्याला येता येत नाही. म्हणून आमचं म्हणणं, थोड्या गाड्या भाड्याने घ्या हवं तर. पण कणा आपल्या मालकीचा हवा. आगार, वर्कशॉप, कुशल कामगार आणि निम्म्याहून अधिक गाड्या आपल्या असल्या, तरच कंपनीशी बोलताना आपला आवाज राहतो.

मग आम्हाला जैसे थे हवं आहे का?

अजिबात नाही. सार्वजनिक मालकीचं नाव घेऊन गळक्या गाडीचं समर्थन करायला आम्ही आलो नाही. मालकी आपली असेल तर मालकासारखं वागलंही पाहिजे. तोटा म्हणतो आपण, पण रस्त्याला कधी तोटा विचारतो का? समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, खर्च पन्नास हजार कोटींच्या वर. तो वर्षाला किती कमावतो असं पानटपरीवर कोणी विचारत नाही, विकास म्हणतो. त्याच रस्त्यावर धावणाऱ्या बसला मात्र रोज हिशेब. बससुद्धा रस्त्यासारखीच सोय आहे, एवढं डोक्यात बसलं तर अर्धं भांडण मिटेल.

म्हणून आपल्या जिल्ह्यापुरत्या चार गोष्टी. एक, वरठी स्टेशन ते भंडारा आणि जवाहरनगर ते भंडारा या मार्गांवर गाड्यांच्या वेळा रेल्वेच्या आणि कारखान्याच्या पाळीशी जुळवा. दोन, प्रत्येक थांब्यावर मराठीत वेळापत्रक लावा. फेरी रद्द झाली तर आधी कळवा. तीन, एखादी फेरी बंद करण्याआधी त्या गावच्या ग्रामसभेत आणि शाळेत विचारा. उत्पन्नासोबत त्या गाडीने किती मुली शाळेत जातात तेही लिहा. चार, सवलतीचे पैसे सरकारने वेळेवर द्यावेत, आणि आगाराची जागा विकासकाला देण्याआधी बससाठी किती जागा उरते ते लोकांना दाखवावं.

आणि आपणही एक करायचं. वेळेची गाडी समोर उभी असताना पुढे लागलेल्या ट्रॅव्हल्समध्ये पळायचं नाही. "वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन" असं लोक एकेकाळी सहज म्हणत. आज कोणी हे हसत म्हणतं, तर कोणी चिडून. पण त्यात एक समज होती: ही गाडी आपण सोडली, तर ज्याला दुसरी सोयच नाही त्याचीही ती जाईल.

संध्याकाळची शेवटची गाडी कधीच भरत नाही. तरीही ती सुटली पाहिजे, आणि ती फक्त आपल्या सगळ्यांच्या मालकीची असेल तरच सुटेल.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ. आणि ज्यांना लांब जायचं आहे त्यांनी आधी विचारा, तुमची गाडी चुकायला नको.